जाणकार कुठे आहे? पूर्णाकाठच्या धरणापासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

शेगावच्या पश्चिमेला, नांदुरा तालुक्यात, पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प उभा राहत आहे. बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांतील शेतीसाठी आखलेल्या या प्रकल्पाकडे वरवर पाहणाऱ्याला मातीचा लांबच लांब बांध, सांडव्याचे काँक्रीट आणि खोदकामाची यंत्रे दिसतात. हे सारे बांधायला लागणारे ज्ञान मात्र तिथे एकत्र दिसत नाही, कारण ते एका ठिकाणी नसतेच. नदीला कमाल पूर किती येईल याचा हिशेब जलशास्त्राचा जाणकार मांडतो. पायाखालचे थर भूवैज्ञानिक वाचतो. बांधाची माती प्रयोगशाळेत तपासली जाते, दरवाजे यांत्रिकी अभियंता आखतो, उपसा सिंचनाच्या पंपांचे गणित आणखी कोणी करतो, आणि बुडणाऱ्या गावांच्या नव्या गावठाणांचा आराखडा अगदीच निराळ्या खात्यातून येतो. अशा कामात ज्ञानाचा दुष्काळ क्वचित असतो. हवे ते ज्ञान कुठेतरी असते, पण ते कोणाकडे आहे हे ऐन गरजेच्या वेळी ठाऊक नसते. अनेक मोठ्या प्रकल्पांचा वेळ, पैसा आणि कधी माणसांचे जीवही या एका उणिवेत गेले आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ साली या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी एक कल्पना मांडली. एकत्र राहणारी किंवा एकत्र काम करणारी माणसे सगळ्या गोष्टी स्वतः लक्षात ठेवत नाहीत. कोणती गोष्ट कोणाला माहीत आहे एवढेच प्रत्येकजण लक्षात ठेवतो आणि बाकीचा भार दुसऱ्यावर सोपवतो. गट चांगला चालतो तो या वाटणीमुळे. पण एकमेकांना ओळखणाऱ्या दहाजणांत ही वाटणी आपोआप होते, तशी ती हजार माणसांच्या, आठ-दहा कार्यालयांत विखुरलेल्या आणि वीस-तीस वर्षे चालणाऱ्या कामात होत नाही. तिथे तिची मुद्दाम व्यवस्था लावावी लागते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने दाखवून दिलेली दुसरी अडचण अशी की, माणसाला जेवढे येते तेवढे त्याला शब्दांत सांगता येत नाही. मातीचे ढेकूळ हातात चुरून ओलावा बरोबर आहे की नाही हे सांगणारा मिस्त्री किंवा खडकाचा गाभा पाहून इथे पाणी झिरपेल असे म्हणणारा भूवैज्ञानिक आपले सगळे ज्ञान अहवालात उतरवू शकत नाही. म्हणून कागद कितीही नीट ठेवले तरी माणूस शोधण्याची गरज उरतेच.

पूर्णेच्या खोऱ्यात ही गरज जास्त जाणवते, याचे कारण जमिनीत आहे. सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे वाहत जाणारी ही नदी चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना गाळाचा जाड थर आहे. काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. महाराष्ट्रातील बहुतेक धरणे बसाल्टच्या कठीण खडकावर बसलेली आहेत, आणि राज्याच्या अभियंत्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच खडकाचा आहे. खोल गाळावर जड बांधकाम करायचे तर हा अनुभव जसाच्या तसा लावता येत नाही. बांधकामाच्या खालून झिरपणारे पाणी पायाला वर रेटते, आणि खालच्या बाजूला बाहेर पडताना मातीचे कण घेऊन जाऊ लागले तर पाया पोकळ होतो. हा धोका मोजायचा कसा, याचे उत्तर पंजाबातील कालव्यांवर सापडले. तिथल्या बांधकामांची पडझड अभ्यासून अ. ना. खोसला यांनी बोस आणि टेलर यांच्यासह १९३६ साली झिरपणाऱ्या पायावरील बंधाऱ्यांच्या आखणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधीची ब्लाय यांची रीत पाण्याने कापलेले एकूण अंतर मोजून समाधान मानत असे. पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी त्याचा जोर किती आहे, हे निर्णायक असल्याचे खोसलांनी दाखवले आणि तिथे खोल आडभिंत का हवी हेही सिद्ध केले. गंगेच्या मैदानातील बंधारे बांधणाऱ्यांना हे ज्ञान रोजच्या व्यवहारातले आहे. सह्याद्रीच्या खडकावर धरणे बांधत आलेल्याला ते पुस्तकातून आठवावे लागते. वऱ्हाडातील गाळथरावर काम करणाऱ्याने पुण्या-साताऱ्याच्या जोडीला उत्तरेकडच्या जाणकारांनाही विचारायला हवे, ते यासाठी.

कालव्यांची गोष्ट आणखी वेगळी. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेले काँक्रीटचे अस्तर या फुगवट्याने उखडते. आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षे काम केले. चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा योग्य जाडीचा थर मध्ये घातला तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर ही रीत वापरली गेली आणि पुढे ती भारतीय मानकांतही आली. म्हणजे पूर्णाकाठच्या कालव्याच्या एका प्रश्नाचे उत्तर पवईच्या प्रयोगशाळेत आणि बेळगावकडच्या कालव्यावर तयार होते. ते तिथून इथे येण्यासाठी कोणीतरी दोन्ही जागा ओळखणारा लागतो.

आणि पाणी शेतात पोचल्यावरचे काय? अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो आणि शेगाव तालुक्याचा काही भाग त्यात आहे. इथल्या भूजलात क्षार आहेत आणि जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. अशा जमिनीला कालव्याचे गोडे पाणी मिळाले तर शेतकऱ्याचे भाग्य उजळते, पण निचऱ्याची सोय न करता भरमसाट पाणी दिले तर क्षार वर येऊन तीच जमीन नापीक होण्याचा धोका आहे. हे ओळखणारे लोक धरण बांधणाऱ्या कार्यालयात बसत नाहीत. ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहेत, नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत आहेत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयांत आहेत. शेगावहून अकोला तासाभराच्या अंतरावर आहे, तरी खात्यांमधले अंतर कधी कधी त्याहून लांबचे असते. धरणाच्या आखणीच्या पहिल्या दिवशी मृदाशास्त्रज्ञ टेबलाशी बसलेला असणे आणि कालवे झाल्यावर त्याला तपासणीला बोलावणे, यात पुढच्या पन्नास वर्षांच्या शेतीचा फरक आहे.

विखुरलेल्या जाणकारीला एक पत्ता मिळावा म्हणून महाराष्ट्राने काही संस्था मुद्दाम उभारल्या. त्यातल्या बऱ्याच नाशिकला एकवटल्या आहेत. मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना राज्यातील मोठ्या धरणांची संकल्पचित्रे तयार करते, त्यामुळे एका धरणावर शिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या आखणीत उतरण्याची वाट तयार होते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सगळे जिला मेरी म्हणतात ती, १९५९ साली सुरू झाली. माती, काँक्रीट, सांडव्याची लहान प्रतिकृती यांच्या चाचण्या तिथे होतात. १९८० साली धरण सुरक्षितता संघटना आली. त्याच वर्षी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जल व भूमी व्यवस्थापन संस्था म्हणजे वाल्मी स्थापन झाली. पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तर १९१६ पासूनचे आहे. विदर्भातील प्रकल्पांसाठी १९९७ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ झाले. कार्यस्थळावरच्या शाखा अभियंत्याला अडचण आली की ती उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशी पायरीपायरीने वर जाते आणि तिथून नाशिकला किंवा खडकवासल्याला. या पायऱ्यांचा उपयोग आहे, कारण प्रत्येक पायरीवर जबाबदारी ठरते. तोटाही आहे. प्रत्येक पायरीवर प्रश्नाची भाषा थोडी बदलते, आणि वरच्या टोकाला पोचेपर्यंत मूळ प्रश्नातला नेमका खडा कुठेतरी गळून पडतो.

चांगल्या जाणकारीचा शोध कसा चालतो हे कोयनेइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. कोयना धरण १०३ मीटर उंचीचे. दख्खनचे पठार स्थिर मानले जात असल्याने त्याच्या आखणीत भूकंपाचा जोर गुरुत्वाच्या अवघा ५ टक्के धरला होता. १९६२ नंतर जलाशय भरू लागला तसे परिसरात लहान धक्के बसू लागले. खडकवासल्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यांची नोंद घ्यायला सुरुवात केली, धरणाच्या आतही कंपनमापक बसवले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. धरण टिकले, पण उतार बदलतो त्या पातळीवर दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. भेगा तिथेच का पडल्या, याचे उत्तर त्या काळच्या नेहमीच्या हिशेबातून मिळत नव्हते, कारण तो हिशेब भूकंपाला एक ठरावीक स्थिर रेटा समजत असे.

हलणाऱ्या बांधकामाचा क्षणाक्षणाचा हिशेब करणारी माणसे तेव्हा जगात थोडी होती. भारतात रुडकी विद्यापीठात डॉ. जय कृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० साली भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झाले होते. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा या विषयावर काम करत होते. धरणातल्या यंत्राने टिपलेली कंपनांची नोंद हाती असल्यामुळे हा हिशेब कोयनेवर लावून पाहता आला, आणि ताण सर्वाधिक येतो ती जागा भेगांच्या जागेशी जुळली. ती नोंद आजही जगभर धरणांच्या संगणकीय अभ्यासाचे प्रमाण उदाहरण म्हणून वापरली जाते. भेगा बुजवून उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम आधार दिले गेले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट यंत्राची आहे. आपत्ती येण्याआधी कोणीतरी धरणात मापक बसवण्याचा आग्रह धरला नसता, तर रुडकीच्या किंवा बर्कलेच्या जाणकाराला विचारण्यासारखे काही हातात राहिले नसते. जाणकार शोधण्याची तयारी प्रश्न नीट नोंदवण्यापासून सुरू होते.

कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी दुसऱ्या प्रकारची जाणकारी लागली. १००० मेगावॉटच्या या टप्प्याला शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचे होते, पण त्यासाठी जलाशय रिकामा करणे परवडणारे नव्हते. नॉर्वेत सरोवरांच्या तळाशी खालून बोगदा नेऊन शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगाने उडवण्याची रीत रुळलेली आहे. तिथे अशी शेकडो कामे झाली आहेत. पडदा किती जाड ठेवायचा, फुटलेला खडक पडायला खड्डा किती मोठा हवा, पाणी घुसताना बोगद्यात अडकलेली हवा कशी वागेल, या प्रश्नांचे उत्तर तिथल्या तज्ज्ञांच्या अनुभवात होते. पण तो अनुभव नॉर्वेच्या ग्रॅनाइट आणि नाइससारख्या खडकांचा. कोयनेचा बसाल्ट थराथरांचा, मध्येच सच्छिद्र, मध्येच मऊ लाल पट्ट्यांचा. त्या खडकाचे जाणकार कोयनेवरच तीस-चाळीस वर्षे बोगदे खणत आलेले इथले अभियंते आणि भूवैज्ञानिक होते. दोन्ही ज्ञाने एका टेबलावर आली तेव्हा काम जमले. १३ मार्च १९९९ रोजी भारतातील पहिले सरोवर छेदन कोयनेत यशस्वी झाले. जलाशयाची पातळी आणखी खाली गेल्यावरही वीजनिर्मितीसाठी पाणी घेता यावे म्हणून दुसरे छेदन २५ एप्रिल २०१२ रोजी झाले. मधल्या १३ वर्षांत सरकारी नोकरीत किती बदल्या, बढत्या आणि निवृत्त्या होतात हे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या खेपेला पहिल्या खेपेचे ज्ञान हाताशी राहणे, ही छेदनाइतकीच मोठी कामगिरी मानायला हवी.

एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी संशोधन आणि अभियांत्रिकी गटांचा दीर्घ अभ्यास करून १९७७ साली काढलेला निष्कर्ष कोयनेच्या या अनुभवाशी जुळतो. अभियंते ग्रंथांपेक्षा माणसांना विचारतात, आणि तेही जवळच्या माणसांना. दोन टेबलांमधले अंतर वाढत गेले की बोलणे झपाट्याने कमी होते आणि ५० मीटरच्या पलीकडे तर ते फारच विरळ होते. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. बाहेरचा तज्ज्ञ थेट आणून बसवला की त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा कमी होतो, कारण त्याला इथल्या कामाची पार्श्वभूमी माहीत नसते. ज्या संस्थांत बाहेरचे ज्ञान खरोखर रुजते तिथे मध्ये एखाद-दुसरा असा माणूस असतो, जो बाहेर काय चालले आहे ते वाचतो, परिषदांना जातो, बाहेरच्यांशी ओळख राखतो आणि ते सारे आपल्या सहकाऱ्यांच्या भाषेत उतरवतो. सहसा तो फार वरच्या पदावर नसतो. पहिल्या फळीतला उपअभियंता किंवा अधिव्याख्याताही असू शकतो. अडले की सगळे त्याच्याकडे जातात, एवढीच त्याची ओळख. कोणत्याही विभागात हा माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत असते. फक्त बदलीची यादी तयार करणाऱ्याच्या कागदावर ते कुठे लिहिलेले नसते.

ज्ञान दोन्ही बाजूंना असूनही काम बिघडते ते सहसा सांध्यावर, म्हणजे एका गटाचे काम जिथे संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते तिथे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचे. पुण्यावर कोसळलेल्या त्या संकटाची कारणे अनेक, पण त्यात एक सांध्याचे आहे. मातीचा बांध पावसाळ्यापूर्वी वेगाने वर चढवला गेला आणि पाणी अडले, पण बांधाखालून जाणाऱ्या मोरीचे दरवाजे आणि त्यांची यंत्रणा अपुरी होती. माती टाकणाऱ्याचे वेळापत्रक आणि दरवाजे बसवणाऱ्याचे वेळापत्रक एकमेकांशी बांधलेले नव्हते. मोरीवरचा बांध खचत गेला, आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकूनही तो वाचला नाही.

अंतराळातले उदाहरणही याच प्रकारचे. मंगळाकडे गेलेले अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या एका संगणकीय कार्यक्रमातून रेट्याचे आकडे पौंडात निघत होते, आणि मार्ग ठरवणारा नासाचा गट ते न्यूटनमध्ये आहेत असे धरून चालला होता. दोन्ही एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. दोन्ही गट आपापल्या कामात निष्णात होते. मार्ग पाहणाऱ्यांपैकी काहींना आकडे जुळत नसल्याचा संशयही प्रवासादरम्यान आला होता, पण तो ठरलेल्या औपचारिक वाटेने वर गेला नाही. आपली शंका नेमकी कोणाच्या टेबलावर ठेवायची हे स्पष्ट नसले की निष्णात माणसाची शंकाही वाया जाते.

सांधे आधीच नीट ठरवले तर काय साधते, हे पाहायला जुन्नर तालुक्यातील खोडदला जावे. नारायणगावजवळच्या या गावी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत दूर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही उभी राहिली. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या करायच्या तर वारा आणि खर्च दोन्ही झेपले नसते. म्हणून पोलादी दोऱ्यांच्या ताणलेल्या जाळ्यावर बारीक तारांची जाळी बसवण्याची युक्ती निघाली. जाळीतून वारा निघून जातो, पण लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी परावर्तित होतात.

या दुर्बिणीतील ज्ञानाची वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तबकडीच्या सांगाड्याची आखणी टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने केली. इतक्या जड तबकडीला आकाशातल्या एका बिंदूकडे अचूक रोखून धरणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने झाली. अणुभट्टीच्या नियंत्रणातून आलेले कौशल्य इथे कामी आले. १००० ते १४५० मेगाहर्ट्झ पट्ट्याचे ग्राहक बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने बनवले. ३० तबकड्यांचे संकेत एकत्र आणण्यासाठी प्रकाशतंतू वापरले, आणि ते जुळवणाऱ्या यंत्रात अमेरिकेतील व्हीएलबीए दुर्बिणीसाठी बनवलेल्या चिप वापरल्या. अणुकेंद्रात तबकडी फिरवण्याचे ज्ञान असेल, हे खगोलशास्त्रज्ञाला सुचायला दोन्ही क्षेत्रांची ओळख लागते. दुर्बीण उभारणारे केंद्र ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, तिचे अणुऊर्जा विभागाशी असलेले जुने नाते इथे उपयोगी पडले. त्याहून मोठे कारण माणसांचे सातत्य. स्वरूप यांच्या गटाने १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभारली, १९७० साली उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण केली आणि त्यानंतर खोडदचे काम घेतले. कल्याणला ज्यांनी तारा जोडल्या त्यांच्यापैकी अनेकांचा हात पुढच्या दोन्ही दुर्बिणींना लागला. पुढे आधुनिकीकरण झाल्यावर जवळपास सलग १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपणारी ही दुर्बीण जगातल्या अग्रणी दुर्बिणींत गणली जाते, आणि २०२० साली आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने तिला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

खोडदला जमलेली ही सवय आता आंतरराष्ट्रीय कामात उपयोगी पडत आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात होणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रचंड दुर्बिणीचे नियंत्रण करणाऱ्या प्रणालीच्या आखणीचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने केले आणि त्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व पर्सिस्टंट सिस्टिम्स यांचे अभियंते होते. भारत सरकारने या प्रकल्पासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. देशोदेशींच्या गटांनी वेगवेगळे भाग करायचे असल्याने तिथे प्रत्येक सांध्यासाठी लिखित दस्तऐवज असतो. कोणता संकेत कोणत्या एककात, किती वेळाने आणि कोणत्या रूपात द्यायचा, हे त्यात लिहितात आणि दोन्ही बाजूंच्या जबाबदार माणसांची नावे त्यावर असतात. हा कागद म्हणजे यंत्राचा करार तर आहेच, पण शंका आली तर कोणाला विचारायचे याचा पत्ताही आहे. अनेक संस्था यासाठी तज्ज्ञांची सूची किंवा संगणकीय निर्देशिका करून ठेवतात. पण माणसाने स्वतःबद्दल एकदा लिहिलेली माहिती दोन वर्षांत शिळी होते. केलेल्या कामाला चिकटलेले नाव जास्त टिकते. नकाशाच्या कोपऱ्यातील सही, चाचणीच्या अहवालाखालचे नाव, सांध्याच्या दस्तऐवजातील दोन नावे, हीच सर्वांत भरवशाची सूची.

महाराष्ट्रातील धरणांच्या कामात ही साखळी वारंवार तुटते ती बदल्यांमुळे आणि निवृत्तीमुळे. पाया खोदला गेला तेव्हा हजर असलेला शाखा अभियंता धरण भरते तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात असतो, आणि पहिली गळती दिसते तेव्हा घरी. पायात कुठे भेग दिसली, तिथे किती सिमेंट दाबले, कोणत्या पट्ट्यात माती बदलली, हे प्रत्यक्ष बांधकामाच्या नकाशांत आणि प्रकल्प पूर्णत्व अहवालात यायला हवे. प्रकल्पाची लांबण जितकी जास्त, तितका हा अहवाल अवघड होतो, कारण लिहिणाऱ्याने पाहिलेले काहीच नसते.

शेगावकरांना या बाबतीत एक ओळखीचे उदाहरण आहे. श्री गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येतात, काही दिवस सेवा देतात आणि परत जातात. माणसे सतत बदलतात, तरी दर्शनाची रांग, महाप्रसाद, स्वच्छता यांची रीत बदलत नाही. ती रीत कोणा एकाच्या डोक्यात कुलूपबंद नाही. विभागाच्या रोजच्या शिस्तीत ती मुरलेली आहे, आणि नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ती हाती मिळते. धरणाचे ज्ञान महाप्रसादापेक्षा गुंतागुंतीचे असते हे खरे, पण माणूस बदलला तरी काम अडू नये ही गरज दोन्हीकडे एकच आहे.

केंद्राच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने या गरजेला कायद्याचे बळ दिले आहे. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार धरणाच्या मालकाने सक्षम अभियंत्यांचे सुरक्षा पथक ठेवायचे, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, आणि धरणाच्या वागण्याची नोंदवही सांभाळायची आहे. कायदा नोंद ठेवायला लावू शकतो, जाणत्याला बोलते करणे मात्र कार्यालयातल्या माणसांच्याच हातात आहे.

जिगावचे काम अजून चालू आहे, म्हणून इथे संधीही शिल्लक आहे. पाया, गाळथर, काळी माती, उपसा यंत्रणा आणि खारपाणपट्टा यांच्याबद्दल ज्यांनी गेल्या काही दशकांत प्रत्यक्ष शिकून घेतले, त्यांच्यापैकी अनेक अभियंते आणि कारागीर अजून याच परिसरात आहेत. शेगावला १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. जलसंपदा विभागाने या दोन संस्थांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सोबत घेऊन निवृत्त अभियंत्यांच्या, भूवैज्ञानिकांच्या आणि मिस्त्रींच्या मुलाखती नकाशे समोर ठेवून ध्वनिमुद्रित कराव्यात, त्या पूर्णत्व अहवालाला जोडाव्यात, आणि जिगावचा जलाशय पूर्ण भरण्याआधी हे काम हाती घ्यावे.